थ म्हणजे थरथरा

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या यांच्या गर्दीत ऑक्टोबरपासून एक अक्षर घुसलंय : थ. आईला आधी वाटलं, थकबाकी. "कुणाची राहिलीय रे?" म्हणाली. मी म्हटलं, "थरथरा. पक्षी आहे. समोरच्या गच्चीतल्या टाकीवर येऊन बसतो. दिसला की मांडून ठेवतो." तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

थरथरा चिमणीएवढाच. नर वरून काळपट आणि पोटाला, शेपटीला विटकरी. मादी मातकट, पण शेपटीचा रंग तिच्याकडेही आहे. टाकीच्या कडेवर येऊन बसला की आधी दोन-चार उठाबशा काढतो आणि मग त्याची शेपटी सुरू होते. ओट्यावर स्टीलचं झाकण पडल्यावर शेवटी शेवटी कसं नुसतं थरारत राहतं, तशी. खाली मुंगी दिसली की झेप, टिपली की परत त्याच कोपऱ्यावर. नाव ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलेलं नाही, आणि तेच बरं झालं. हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे घरटी करणारा हा पक्षी थंडी काढायला पुण्यात येतो, आणि इथे आल्यावर त्याला आवडतं काय, तर सिंटेक्सची टाकी.

फेब्रुवारी अर्धा उलटला की पुण्याची हवा दोन घरची पाहुणी होते. सकाळी सहाला वेताळ टेकडीवर कानटोपी लागते आणि दुपारी दोनला पंखा. पारा बारा-तेरावरून निघतो तो बत्तीस-तेहतीसला टेकून येतो. स्वेटर धुऊन ठेवावा तर पहाटे कुडकुडायला होतं, बाहेर ठेवावा तर दिवसभर खुर्चीच्या पाठीवर लोंबतो. टेकडीवरचं गवत वाळून करकरीत झालेलं असतं. पांगाऱ्याला एक पान नाही, पण फुलं लालभडक, आणि त्यांतल्या मधावर मैना, बुलबुल, शिंजीर यांची सकाळी नुसती झुंबड.

'शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते' असं आजी म्हणायची. ऐकायला छान आहे. पण शिवरात्र २०२४ साली ८ मार्चला होती, २०२५ ला २६ फेब्रुवारीला आणि २०२६ ला १५ फेब्रुवारीला. थंडीला एवढं पंचांग कळत असेल असं वाटत नाही. पक्ष्यांचा हिशेब तिथीवर नाही, दिवसाच्या लांबीवर असतो. उजेड रोज थोडा थोडा वाढत जातो, तशी स्थलांतर करणाऱ्यांच्या अंगात हालचाल सुरू होते : भूक वाढते, चरबी साठते. नेमकं उडायचं कधी, ते मग वारा आणि हवा पाहून.

जे इथेच राहतात त्यांना हाच उजेड कंठ फोडतो. तांबट हिवाळाभर इथेच असतो, पण तोंडात मिठाची गुळणी. ऊन तापायला लागलं की एक दिवस उंबराच्या शेंड्यावरून टुक् टुक् टुक् सुरू. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर हातोडीचे ठोके घालायचं मठारकाम ऐकलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके, चोच मिटलेली, फक्त गळा फुगतो. त्यात बोलताना मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज या झाडातून की त्या, काही पत्ता लागत नाही. हिरव्या पानांत हिरवा पक्षी. कपाळावरचा लाल ठिपका दिसला तरच सापडला म्हणायचा. गेल्या वर्षी शेजारच्या एका सोसायटीने उंबराची वाळकी फांदी 'धोकादायक' म्हणून छाटली. तांबट घर कोरतो ते नेमकं अशाच वठलेल्या लाकडात. त्या फांदीखाली गाडी लावणारा माणूस मात्र खूश आहे.

तर, सुरुवाती टिपायला सोप्या. माझ्या वहीत तांबटाचा पहिला ठोका आहे, कोकिळाची पहिली कुहू आहे, तीही वेळेसकट, पहाटे पाच दहा. (कोकिळाची. ओरडतो तो काळा नर. मराठी कवितांनी हे श्रेय वर्षानुवर्षं त्याच्या बायकोला देऊन ठेवलंय.) थरथऱ्याचा पहिला दिवसही पक्का आहे. शेवटचा एकाही वर्षीचा नाही. कारण तो शेवटचा आहे हे त्या दिवशी कुणाला ठाऊक असतं? आपण चहाचा कप हातात घेऊन 'आलास का' म्हणतो, तो शेपटी हलवतो, आपण आत येतो. मग दोन दिवस दिसत नाही, तेव्हा वाटतं मागच्या गच्चीवर असेल. आठवडा जातो. मग मागची पानं उलटून एखाद्या थ ला गोल करायचा आणि त्याला शेवटचा म्हणायचं.

यंदा मार्चच्या सहा तारखेला थ आहे. त्यानंतरची घरं रिकामी. आज अकरा. सकाळी टाकीवर एक पारवा फुगून बसला होता, बराच वेळ, जशी काही जागा त्याच्याच नावावर आहे. मी खिडकीतून हललो नाही तशी आई पेन्सिल घेऊन कॅलेंडरपाशी आली.

"आजही नाही ना? मग खाडा मांडू का?"

"थांब," मी म्हटलं, "उद्या बघू."