सॅटेलाइटला तलावाचं पाणी दिसतं म्हणजे नेमकं काय दिसतं

सॅटेलाइटवरून पाण्याची क्वालिटी कळते म्हटलं की लोकांना वाटतं वरून कुठलंतरी मशीन पाणी टेस्ट करतंय. तसं काही नसतं हो, दिसतो तो फक्त रंग. शेवाळातलं क्लोरोफिल, गाळाचा गढूळपणा, कुजलेल्या पाल्याने येणारा चहासारखा रंग, आणि उष्णता टिपणारा थर्मल बँड (बँड म्हणजे सेन्सर टिपतो तो उजेडाचा एक ठरावीक पट्टा) असेल तर वरच्या थराचं तापमान, बास. नायट्रेट, फॉस्फेट, विरघळलेला ऑक्सिजन यांना रंगच नाही, त्यामुळे कोणी फॉस्फेटचा नकाशा दाखवला तर आधी विचारायचं, बाबा रे हा काढलास कशावरून?

क्लोरोफिलचं गणित तसं सोपंय. ते 665 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा लाल उजेड खातं, आणि शेवाळ दाट असलं की 705 च्या आसपास उजेड जास्त परत येतो. युरोपच्या सेंटिनेल-2 सॅटेलाइटकडे हे दोन्ही बँड आहेत, दोघांची वजाबाकी भागिले बेरीज केली की एनडीसीआय, म्हणजे क्लोरोफिलचा अंदाज देणारा आकडा, तयार. अमेरिकेच्या लँडसॅट 8 आणि 9 सॅटेलाइटकडे 705 वाला बँड नाही, पण लँडसॅटची मालिका 1972 पासूनची आहे, जुना इतिहास बघायचा तर तिलाच शरण जावं लागतं.

खरी डोकेदुखी म्हणजे हवा. पाणी इतकं काळं असतं की सेन्सरपर्यंत पोचलेल्या उजेडातला 80-90 टक्के पाण्यातून नाही, हवेनेच विखुरलेला असतो, आणि तो वजा करताना थोडं जरी इकडंतिकडं झालं तर उरलेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. हवेचा उजेड वजा करायचं जमिनीसाठी बनवलेलं करेक्शन डोळे झाकून वापरू नका, पाण्यासाठीची अकोलाइट किंवा सी2आरसीसी ही सॉफ्टवेअर चालवून बघा. काठाचे पिक्सेल तर मी सरळ टाकून देते, शेजारच्या झाडांचा उजेड त्यात मिसळतो. आणि जलपर्णी! एनडीसीआयचा नकाशा लालभडक झाला म्हणून शेवाळाचा उद्रेक जाहीर करण्याआधी निअर इन्फ्रारेड बँड (लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड) बघा, तिथं पाणी काळंच दिसायला पाहिजे, लख्ख चमकत असेल तर वर काहीतरी तरंगतंय, मग ती जलपर्णी असेल नाहीतर शेवाळाची जाड साय.

2014 च्या ऑगस्टमध्ये ईरी सरोवरातल्या शेवाळाच्या विषामुळे अमेरिकेतल्या टोलेडोत लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका सांगावं लागलं. असं शेवाळ वरून दिसतं, विष दिसत नाही, त्यासाठी बोट घेऊन बाटली भरावीच लागते. फक्त बोट कुठं न्यायची ते नकाशा सांगतो. आणि सॅटेलाइटचा आकडा ताडून बघायचा असेल तर ते सॅम्पल सॅटेलाइट वरून जातो त्याच दिवशी, शक्यतो दोन-तीन तासांच्या आत घ्या, कारण वारा सुटला की साय सकाळी या काठाला आणि दुपारी त्या काठाला.