दारू सोडवायला आणलंय, मग प्रगतिपुस्तक कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशन करताना हा प्रश्न नव्या कुटुंबाकडून हमखास येतो. नवऱ्याला दारूपायी आणलंय, वय चाळीस, आणि मॅडम त्याचं चौथीचं प्रगतिपुस्तक मागतायत!

मागते, कारण दारूच्या आधीचा माणूस मला बघायचा असतो. पहिल्या आठवड्यात समोर बसलेल्याला झोप नसते, हात थरथरतात, एका जागी बसवत नाही. विथड्रॉवलमध्ये, म्हणजे दारू बंद केल्यावरच्या त्रासात, हे कुणाचंही होतं. त्यावरून एडीएचडी, म्हणजे लहानपणापासूनचं लक्ष न टिकणं, चंचलपणा आणि उतावीळपणा, ओळखता येत नाही. डीएसएम-5 या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेच्या निकषांनुसार एडीएचडीची लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. म्हणून सासूबाईंना विचारायचं: डबा-दप्तर विसरायचा? रांगेत ढकलाढकली? ‘हुशार आहे, पण लक्ष नसते’ हा शेरा वेगवेगळ्या इयत्तांत वेगवेगळ्या बाईंनी लिहिलेला दिसला, की मी कान टवकारते. (निम्म्या वर्गाला तोच शेरा देणाऱ्या बाईही असतात म्हणा. निदान शेवटी मनोविकारतज्ज्ञच करतात.)

हे दुर्मीळ नाही. 2012 साली 29 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा व्यसनी रुग्णांत एडीएचडीचं प्रमाण साधारण 23 टक्के निघालं. आणि आपली केंद्रं नेमकं त्यांना न जमणारंच मागतात: तासभर मांडी घालून ऐका, रोज डायरी लिहा, फॉलोअपची तारीख लक्षात ठेवा. तारीख चुकली की घरचे म्हणतात, ‘याला सोडायचीच नाहीये’. आमच्यातलेही म्हणतात. असा एखादा सांगतो, ‘प्यायची इच्छा नव्हती हो, मित्र चल म्हणाला आणि गेलो.’ ऐकणाऱ्याला ती थाप वाटते. मला बऱ्याचदा खरी वाटते.

मग लगेच पुढचा प्रश्न: एडीएचडीच्या गोळीचंच व्यसन लागलं तर? भीती अगदीच खुळी नाही. एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट हे औषध उत्तेजक आहे आणि आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध उत्तेजक नाही, पण त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. स्वीडनमध्ये ॲम्फेटामिनचं व्यसन आणि एडीएचडी असलेल्या 54 कैद्यांवर एक चाचणी झाली, 2014 मध्ये छापून आली. सुटकेच्या दोन आठवडे आधी औषध सुरू केलं, मिथाइलफेनिडेट रोज 180 मिलिग्रॅमपर्यंत वाढवलं. खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्या लघवीच्या तपासण्या अधिक वेळा स्वच्छ आल्या, उपचारही ते जास्त दिवस टिकवून धरू शकले. सगळ्याच चाचण्यांत असं झालेलं नाही. बऱ्याच ठिकाणी लक्ष सुधारलं, व्यसन तिथेच राहिलं. म्हणून नुसत्या गोळीवर मी कुणाला घरी पाठवा म्हणत नाही.

‘आधी दारू सुटू दे, मग डोक्याचं बघू’ हेही मला पटत नाही. दोन्ही एकदमच हाताळायला हवं. त्यासाठी गोळ्या आठवड्यापुरत्याच द्यायच्या, त्या बायकोकडे ठेवायच्या, फॉलोअपच्या आदल्या संध्याकाळी त्याला फोन करायचा आणि गटाची बैठक वीस मिनिटांवर आणायची. त्याला एवढी सूट का, असं बाकीचे पेशंट कुरकुरतात. कुरकुरू देत.