फिर गई क्या?

दुपारचे तीन. इंदूरच्या रामबागेत ही झोपायची वेळ, पण खाली ठेला आला होता आणि कारली हिरवीगार दिसत होती, म्हणून उतरले. निवडता निवडता मी गुणगुणत होते, हे ठेलेवाल्यानं विचारेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही.

"आंटी, कौन-सा गाना है?"

आता याला भोंडला कुठून समजवायचा? म्हटलं, "बहू मायके जाना चाहती है. सास बोलती है, पहले करेले की बेल लगा, फिर जा. लगाई, तो बोलती है फूल आने दे. फूल आया, तो फल आने दे. फिर सब्जी बना."

त्यानं तराजू तसाच अधांतरी धरला. "फिर? गई क्या?"

"गई," म्हणाले, आणि अर्ध्या किलोचे पैसे देऊन वर आले.

बी टाकल्यापासून पहिलं कारलं हाती यायला ५५-६० दिवस तरी लागतात. गाण्यात हे कुठेच नाही. कोंब, फूल, फळ, की आपण फेर धरून पुढच्या कडव्यावर. भाजी होते, तेव्हा कुठे सासूला आठवतं की मला काय पुसतेस, सासऱ्याला पूस. मग सासरा दिराकडे, दीर आणखी कुणाकडे. अर्जावर सह्या गोळा करत या टेबलावरून त्या टेबलाकडे जावं, तशी ती बिचारी. ती रडली, चिडली, असं एक अक्षर नाही. हल्लीच्या गाण्यांत पहिल्याच ओळीत काळीज फाटतं, मग पुढे ऐकायचं काय? (हे माझं म्हातारपण असेल.)

आम्हा इंदूरच्या मुलींची त्या महिन्यात चैन असायची. भाद्रपदी पौर्णिमेपासून शेजारच्या मालवी मुलींबरोबर संजा. भिंतीवर शेणाच्या आकृत्या, त्यांवर तेरड्याच्या पाकळ्या, १६ दिवस, शेवटी किलाकोट, म्हणजे सगळ्यात मोठी आकृती. हाताचा वास जाता जात नसे. तो जातो न जातो तोच नवरात्र, आणि आमच्या अंगणात पाटावर हत्ती. संजाच्या गाण्यात संजा नावाच्या मुलीला घरी पिटाळायचं, नाहीतर तुझी आई मारेल म्हणून. आमच्या गाण्यात सुनेला घरी जाऊच द्यायचं नाही. दोन्ही आम्ही सारख्याच जोरात म्हणायचो.

आजीचं माहेर नाशिकचं. इथून खांडव्यापर्यंत छोटी गाडी, तिथे सामानासकट उतरून मोठी गाडी पकडायची. कारल्याचं गाणं लागलं की तिला अजिबात घाई नसे. एकेक कडवं चवीनं म्हणायची, आम्ही पुढे पळालो तर मागे ओढायची. "अगं, फळ कुठे आलंय अजून?"

त्यानंतर ‘श्रीकांता कमलाकांता’. वेड्याची बायको लाडू करते, तो चेंडू म्हणून खेळतो. करंज्या करते, तो होड्या म्हणून पाण्यात सोडतो. आमच्या गल्लीनं त्यात जलेबीही घुसवली होती. वेडा ती बांगड्या म्हणून हातात भरतो. इंदुरात जलेबीशिवाय काही पुरं होतं का? हसून हसून फेर मोडायचा. शेवटच्या कडव्यात बायको पलंगावर झोपलेली असते. वेडा येतो, डोकावून पाहतो, आणि मेली मेली म्हणून तिला जाळून टाकतो. ही ओळ आम्ही सगळ्यात मोठ्यानं ओरडायचो, कारण पुढे खिरापत.

आजी त्या कडव्याच्या आधी उठून आत जायची. रोज. "वाट्या आणते गं," म्हणायची.

आज कारल्याच्या बिया काढताना आठवलं. वाट्या तर दुपारपासून पाटाशेजारी पालथ्या घातलेल्या असायच्या.