गंगापूर धरण, शिडाची होडी आणि न बोलावता आलेले पाहुणे

नाशिकच्या गंगापूर धरणावर बोटिंग म्हटलं की आपल्याला बोट क्लबच आठवतो, पण यावेळी आम्ही मित्राच्या छोट्या शिडाच्या होडीतून गेलो, पाडव्यानंतरच्या रविवारी. फरक एवढाच की इंजिन नसल्यामुळे आवाज नाही, आणि आवाज नसला की पाण्यावरचे पक्षी-प्राणी तुम्हाला हिशोबातच धरत नाहीत. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेत, आपण शेजारून जातोय, ते ढिम्म. कवड्या खंड्या तर आमच्या डोलकाठीच्या उंचीवर हवेत एका जागी फडफडत थांबला आणि धपकन् पाण्यात, चोचीत मासा घेऊन वर.

पण खरी मजा (तेव्हा मजा वाटली नव्हती) पुढे झाली. वारा पडला होता, होडी नुसती डुलत होती आणि सुकाणूवर बसलेला मित्र एकदम हळू आवाजात म्हणाला, हलू नकोस. बघते तर सुकाणूच्या फळीवरून एक साप निवांत वर येतोय, पिवळट अंग, त्यावर काळी चौकटीची नक्षी, डोळ्यामागे आणि खाली एकेक काळी तिरपी रेघ. विरोळा, म्हणजे आपला पाणदिवड. बिनविषारी असतो पण चिडला की कडकडून चावतो, त्यामुळे बिनविषारी आहे म्हणून हातात घ्यायची हौस करू नका. छोट्या होडीत साप आला तर सगळ्यात मोठा धोका सापाचा नसतो, घाबरून सगळे एकाच बाजूला उभे राहतात त्याचा असतो. आम्ही बसून राहिलो, वल्ह्याचं पातं हळूच त्याच्या पुढ्यात धरलं, तो त्यावर आला, पातं पाण्यात टेकवलं, गेला.

नंतर पाणी उतरल्यामुळे उघड्या पडलेल्या एका खडकाळ बेटाकडे होडी वळवली, डबा तिथेच खाऊ म्हणून. तर नदी सुरय पक्ष्यांनी अक्षरशः हल्ला चढवला! पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपूट, एकामागून एक डोक्यावर सूर मारतायत आणि ओरडतायत. जवळच ट्यूबवर बसून जाळं लावणारे एक दादा ओरडले, "ओ ताई, तिकडं उतरू नका, अंडी हायेत!" सुरय घरटं असं बांधतच नाही, वाळू-खड्यात नुसता खळगा करते आणि अंडी खड्यांच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. आईबाप उठून गेले की उन्हात अंडी तापतात, शिवाय कावळे टपलेलेच. त्यामुळे फेब्रुवारी ते मे बेटांवर उतरायचंच नाही, लांबूनच फोटो काढा. आम्ही डबा होडीतच खाल्ला, ठेचा सगळीकडे सांडला ते वेगळं.

जाणार असाल तर स्वतःची होडी घेऊन असंच पाण्यात घुसता येत नाही, धरण पाटबंधाऱ्याचं आहे आणि शहराचं पिण्याचं पाणी इथूनच येतं, आधी रीतसर परवानगी बघा. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घालाच. सकाळी लवकर पक्षी भरपूर पण वारा नसतो, उन्हाळ्यात दुपारनंतर वारा असा उठतो की नवशिक्याने तेव्हा शीड उघडूच नये. पाण्यावर थर्माकोलचे तुकडे किंवा बाटल्या रांगेत तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे समजा आणि लांबून जा, सुकाणू अडकला तर आपली फजिती आणि कोळ्याचं नुकसान. मोबाइल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, दुर्बीण गळ्यात.

फक्त पक्षीच बघायचे असतील तर होडीची गरजच नाही, हिवाळ्यात निफाडजवळ नांदूरमध्यमेश्वरला जा, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं ते. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत आणि डिसेंबर-जानेवारीत हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब तिथे दिसतात. पहाटे निघा, कारण ऊन चढलं की पाण्यावर नुसती चकाकी दिसते.