तुम्ही विचारलंत म्हणून: माझी कार्डं मी का देत नाही

"सर, तुमचं भाषणाचं मटेरियल व्हॉट्सअ‍ॅपला टाका की." शाळेतले शिक्षक म्हणतात, निवेदन करणारे म्हणतात, वक्तृत्वाला उतरणाऱ्या पोरांचे आईबाप म्हणतात. मी नाही म्हटलं की चेहरे पडतात. आता एकदा सांगूनच टाकतो.

पत्र्याच्या दोन डब्यांत जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं आहेत. एका कार्डावर एकच गोष्ट, खाली ती कुठं वाचली ते. हे मी कुणालाही शिकवायला तयार आहे. रयत शिक्षण संस्था साताऱ्यात सुरू झाली असं पोरं बिनदिक्कत ठोकतात. सुरुवात १९१९ ला कराडजवळच्या काले गावात झाली, साताऱ्याला ती १९२४ ला आली. नायगावात सावित्रीबाई जन्मल्या ती तारीख ३ जानेवारी १८३१. अशी कार्डं कुणीही करावीत. हवी तर ही मी देतोही.

देत नाही तो दुसरा डबा. श्रद्धांजलीचा.

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी रक्षाविसर्जन होतं. आमच्याकडं रक्षाविसर्जनाला भाषणं होतातच. सकाळी सातला फोन आला, साडेआठला माईक हातात. वारलेल्या आप्पांना मी अकरा वर्षं ओळखत होतो. तरी घरातून निघतानाच एक कार्ड खिशात घातलं होतं: वड पडल्यावरच सावली कळते. बोललो. बायका डोळे पुसत होत्या. मला बरं वाटलं, हेही लिहितो.

घाटाच्या पायऱ्या चढताना त्यांची थोरली लेक शेजारी आली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "सर, हे वडाचं तुम्ही आमच्या मामांच्या वेळीही बोलला होता. मी इथंच बसले होते." मी काहीच बोललो नाही. दोन पायऱ्या चढून ती म्हणाली, "आप्पा कुठले वड हो. घरात बोलायचेच नाहीत. रात्रीची लाइट असली की उसाला पाणी पाजायला जाताना माझ्या खोलीत डोकवायचे. पुस्तक छातीवर ठेवून झोपलेली असले तर ते काढून, पान दुमडून ठेवायचे. एवढंच."

पान दुमडून ठेवायचे. हे मला कुणी लपवलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

तेव्हाचा मी अजून भांडतो. म्हणतो, भटजींचे मंत्र सगळ्यांना तेच असतात, त्यांना कुणी शिळे म्हणतं का? दीड तासात माणूस काय उभं करणार? आणि शाळेत १५ ऑगस्टला माईकसमोर वाचा बसली होती, ती या कार्डांनीच सुटली, ते विसरलास का? नाही विसरलो. मंत्रांच्या मुद्द्याला आजही माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या लेकीला माझ्याकडून मंत्र नको होता, इतकं कळतं.

तेव्हापासून प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात मी गाव आणि तारीख लिहितो. वडाच्या कार्डावर दोन वेळा एकाच गावाचं नाव आहे. म्हणून तो डबा देत नाही. तुम्हाला त्यात नुसती छान वाक्यं दिसतील.

फोन आला की हल्ली आधी घरच्या कुणाला तरी गाठतो, विचारतो, "ते रोज काय करायचे?" कधी सांगतात, कधी रडूच आवरत नाही त्यांना. गेल्या महिन्यात कुणीच सापडलं नाही. वडाचं कार्ड काढून खिशात घातलं. बोललो नाही ते. पण घाटावरून परत येईपर्यंत हात खिशावरच होता.