फळीवरचा रावस आणि कोपऱ्यातला शिक्का

नाशिकच्या गिरणारेजवळच्या एका द्राक्षबागेत दुपारच्या जेवणाचं काम होतं. 70 पाहुणे, उघड्यावर ग्रिल आणि यजमानांची खास फर्माईश: लाकडी फळीवर शिजवलेला मासा. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर लाल सीडारच्या फळीवर सॅमन करतात, तो त्यांनी तिकडे खाल्ला होता. मी मुंबईहून रावस मागवला. त्याचं मांस घट्ट, चरबी बेताची, धूर छान धरतो. फळ्या आणायचं काम कार्यक्रमाच्या मॅनेजरनी अंगावर घेतलं होतं.

सकाळी टेम्पो आला. फळ्या एका मापाच्या, एका बाजूनं रंधा मारलेल्या, दिसायला सुरेख. भिजवायला पिंप भरून ठेवलंच होतं. पहिली फळी उलटी केली आणि कोपऱ्यात अर्धवट पुसलेला काळा शिक्का दिसला. गव्हाच्या ओंबीची खूण, शेजारी देशाची अक्षरं आणि शेवटी ‘एमबी’.

स्वयंपाकाच्या धंद्यात येण्याआधी मी सातपूरला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो, म्हणून तो शिक्का मला वाचता आला. परदेशातून यंत्रं येतात त्या खोक्यांच्या लाकडात कीड असू नये म्हणून त्यावर प्रक्रिया करतात. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं असतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड, विषारी वायूची धुरी. आणि शिक्का ‘एचटी’चा असता तरी मी ते लाकूड घेतलं नसतं. त्या खोक्यावर वाटेत कुठलं तेल, कुठलं रसायन सांडलंय हे कोण सांगणार? शिवाय ते होतं पाइनचं. राळेनं भरलेलं, तापलं की काजळी आणि कडवट वास.

“शेफ, लाकूडच आहे ना शेवटी? धुऊन घेऊ,” मॅनेजर म्हणाले.

“साहेब, या फळीचा धूर माशात उतरणार आहे. पाहुणे मासा खातील तेव्हा ही फळीही खातील.”

त्यांनी शिक्का पुन्हा पाहिला आणि काही न बोलता गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

पेठ रोडवरच्या एका वखारीत बाभळीचा ओंडका पडलेला होता, अवजारांच्या दांड्यांसाठी आणलेला. वखारवाले काका आधी हसले. मासा शिजवायचाय म्हटल्यावर त्यांनी स्वतः ओंडका फिरवून बघितला, चिरलेला भाग बाजूला काढला आणि करवतीवर दीड-दोन सेंटिमीटर जाडीच्या फळ्या पाडून दिल्या. रंग नाही, पॉलिश नाही, वाळवीचं औषध नाही, हे मी तीनदा विचारलं. प्लायवूडचा विषयच नव्हता, त्यात डिंक असतो.

परतल्यावर फळ्या पिंपात बुडवल्या, तरंगू नयेत म्हणून वर दगड. दोन तास तरी पाणी प्यायला हवं. कोरडी फळी आधी पेटते, मासा मागाहून शिजतो. पनीर आणि ढोबळी मिरचीच्या फळ्या वेगळ्या पिंपात, त्यांचं ग्रिलही वेगळं. शाकाहारी पाहुण्यांच्या बाबतीत मी याला कधीच फाटा देत नाही.

निखारे दोन्ही कडांना सारले. रिकामी फळी आधी तापवली; ती तडतडायला लागली आणि धुराची पहिली रेघ निघाली, तेव्हा रावसाचे तुकडे कातडीची बाजू खाली करून ठेवले. वर कोथिंबीर, लसूण, हिरवी मिरचीचं वाटण. मग झाकण. इथून पुढं मासा उलटायचा नसतो. खालून फळी जळत धूर देते, तिच्यातलं पाणी वाफ देतं आणि या दोन्हींत मासा शिजतो, म्हणून कडा कोरड्या पडत नाहीत. झाकण सारखं उघडलं की हवा मिळते आणि फळी भडकते. तेवढ्यासाठी पाण्याची फवारणीची बाटली हाताशी होती. पंधरा-वीस मिनिटांनी सर्वांत जाड तुकड्यात थर्मामीटर खुपसलं. 63 अंश दिसल्याशिवाय एकही फळी टेबलावर गेली नाही.

बाभळीचा धूर सीडारसारखा सुगंधी नाही, जरा करडा आहे. रावसाला तो शोभला. यजमानांनी पहिला घास घेऊन विचारलं, “हे कुठलं लाकूड?” बाभूळ म्हटल्यावर त्यांनी फळी उचलून हुंगली.

जेवणं उरकल्यावर मॅनेजरनी खोक्याच्या फळ्या रात्रीच्या शेकोटीला वापरू का, असं विचारलं. मी नको म्हटलं, पाहुणे त्याच धुरात बसणार होते. त्या टेम्पोतून परत गेल्या. शेकोटीला वखारीतले बाभळीचे उरलेले तुकडे पुरले.