नाक धरून एक चमचा तेल

चार वाजले की आमच्या वाड्यावर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो. सायकलच्या मागे भलीमोठी पाटी, तिच्यावर निळं प्लास्टिक. ते बाजूला सारलं की ताज्या उंड्यांचा, म्हणजे गोल पावांचा, वास थेट आमच्या सोप्यापर्यंत येतो. शाळेतून येऊन दोन वाजता हुमण-भात पोटभर जेवलेली मी चारला पुन्हा दोन उंडे आणि एक पोळी चहाबरोबर संपवायची. पोळी म्हणजे आमची गोव्याची, कोंड्याचा पाव. हे कितीतरी वर्षं चाललं होतं. डिसेंबरात वजन ७३ किलो भरलं, साखर काठावर आली, आणि या चारच्या भुकेकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

तिच्यावर मी करून पाहिलेला उपाय सेथ रॉबर्ट्स यांचा. ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. २०१४ साली ते वारले. ते स्वतःवरच प्रयोग करायचे आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवायचे. त्यांचं म्हणणं असं, की एखादी चव आणि तिच्यामागून पोटात जाणारे उष्मांक यांची मेंदू सांगड घालतो, आणि ती सांगड घट्ट झाली की भूक चेतते. चवीशिवाय उष्मांक पोटात गेले की ती सैल पडते आणि भूक मंदावते. म्हणून बिनवासाचं थोडं तेल घ्यायचं, त्याच्या तासभर आधी आणि तासभर नंतर पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. तेलाला वास असेल तर नाक धरून घ्यायचं. मला हे पटलं ते त्या भोंग्यामुळे. माझी भूक पोटातून येतच नव्हती, पाटीवरून येत होती.

घरात होतं घाण्याचं खोबरेल. जानेवारीत डिचोलीला पहाटे गारठा असतो, बाटलीत तळाशी पांढरा थर बसतो. दुपारपर्यंत तो विरघळतो. सव्वातीनला मोरीपाशी उभी राहिले, डाव्या हाताने नाक घट्ट धरलं आणि पोह्याचा मोठा चमचा तोंडात रिकामा केला. काही म्हणजे काही लागलं नाही. नुसतं जाड, गुळगुळीत काहीतरी जिभेवरून सरकलं. खोबऱ्याची जी चव आपण म्हणतो ती जवळजवळ सगळी नाकातली, हे मला त्या क्षणी कळलं. मग मी नाक सोडलं आणि घशाच्या मागून खोबऱ्याचा वास असा उसळून आला, की तो दिवस फुकट गेला. दुसऱ्या दिवसापासून नाक धरूनच पाण्याच्या दोन चुळा भरल्या, चार घोट पाणी प्याले, मगच बोटं काढली.

सासूबाई दारातून बघत होत्या. "काय गो, औषध घेतेस?"

"नाही आई, भूक कमी व्हायला तेल."

"तेल पिऊन?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

पहिले चार दिवस फरक नव्हता. पाचव्या दिवशी भोंगा वाजला, वास आला, छानही वाटला, पण मी उठले नाही. साडेचारला चहाबरोबर एकच उंडा घेतला आणि त्यातलाही थोडा उरला. पाव उरणं ही माझ्यासाठी नवीन गोष्ट होती. वहीत सहा आठवड्यांच्या नोंदी आहेत: बेचाळीस दिवसांपैकी एकतीस दिवस उंडा एक किंवा शून्य. वजन ७०.५.

हे सगळं नाक धरल्याने झालं असं मी म्हणणार नाही. चरबी आतड्यात पोचली की जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो आणि पोट भरल्याचा संदेश जातो, हे शरीरशास्त्रातलं जुनं ज्ञान. शिवाय तासभर काही खायचं नाही हा नियमच मला त्या पाटीपासून लांब ठेवत होता. आणि तेल म्हणजे काही पाणी नव्हे. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० उष्मांक असतात. ते जेवणातून कमी झाले नाहीत तर वजन वाढणारच. खोबरेलात संपृक्त चरबी फार, म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून मी रिफाइंड सूर्यफूल तेल घेतलं. पित्ताशयात खडे असलेल्यांनी किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे अजिबात करू नये.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते सासूबाईंच्या बोलण्याने. एका रविवारी त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी अकराला पेज असायची. वाटीभर पेज प्याली की दुपारी हावऱ्यासारखं कोणी जेवत नसे." उकड्या तांदळाची पेज, किंचित मीठ. तिला वास तो कितीसा! दोन जेवणांच्या मधे जवळजवळ बिनचवीचं अन्न आमच्या चुलीवर रोज शिजत होतं, आणि मी ते सोडून पाटीमागे धावत होते. सोबत खारातली कैरी किंवा भाजलेला सुका बांगडा असायचा, हे मात्र त्यांनी हसत कबूल केलं.

या सोमवारपासून तेल बंद केलंय. सव्वातीनला वाटीभर पेज घेते, लोणच्याशिवाय. आज चौथा दिवस. भोंगा आत्ताच वाजून गेला, वही उघडी आहे, रकाना अजून भरायचाय.